चिमणीने वाट दाखवलेला माणूस : डॉ. सलीम अली



पंचवीस-तीस वर्षांमागचं आपलं अंगण जरा आठवून बघा. सकाळी माय सूप घेऊन ज्वारी पाखडायला बसली, की तिच्याभोवती चिमण्यांचा घोळका जमायचा. सुपातून उडालेली कणी-चुरी त्यांचीच. ओसरीच्या आड्याला ज्वारीची चार कणसं टांगलेली असायची, ती पण त्यांचीच. मातीच्या भिंतीतल्या भोकात, कवेलूखाली, आजोबांच्या फोटोमागे घरटी असायची. चिमण्यांना कोणी मुद्दाम बोलावत नव्हतं, त्या घरातल्याच होत्या.

आता घाटावर काय आणि घाटाखाली काय, ज्वारीचा पेरा घटला आणि सोयाबीन आले. खळं गेलं, मळणी यंत्र थेट वावरात आलं. मातीची घरं जाऊन स्लॅब पडला, अंगणात फरशी बसली. पक्ष्यांची माया मात्र गेलेली नाही. कोणी प्लास्टिकचा डबा आणून गच्चीवर टांगतो, त्यात तांदूळ टाकतो आणि आठ दिवसांनी विचारतो, साहेब, पाखरं का येत नाहीत? आली तर टिकत का नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर एका माणसाची हकिगत सांगावी लागते. त्या माणसाने जवळजवळ ऐंशी वर्षे पाखरांमागे घालवली आणि त्याची सुरुवात एका चिमणीपासूनच झाली. त्यांचे नाव डॉ. सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली.

पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम अलींचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. अनाथ झालेल्या या लेकरांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. मामा-मामींना स्वतःचे मूलबाळ नव्हते. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छर्ऱ्याची बंदूक घेऊन दिली. मग काय, पोरगा दिवसभर चिमण्यांमागे.

एक दिवस पाडलेली चिमणी त्याने हातात घेतली तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. अशी चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. हिचे मांस खायला चालते का, असा साधा प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामांना ती चिमणी ओळखता येईना. ते ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था पशु-पक्षी-वनस्पतींचा अभ्यास करते. तिचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे मामांनी चिठ्ठी दिली. मिलार्ड साहेबांनी त्या दहा-बारा वर्षांच्या पोराला हाकलून दिले नाही. चिमणी ओळखून दिली, ती रानचिमणी होती. मग एकेक कपाट उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. पक्ष्याचे कातडे कसे काढायचे, नोंद कशी ठेवायची, हेही शिकवण्याची सोय केली.

ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आपल्याकडेही आहे बरं का. धुऱ्यावरच्या जुन्या झाडाच्या ढोलीत ती घरटं करते. आपण तिच्याकडे बघितलेले नसते, एवढेच.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. घोडागाडी ठेवायच्या तबेल्यात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली आणि नर बाहेर खुंटीवर राखण करत बसलेला. सलीमने गाडीमागे लपून नर पाडला. थोड्या वेळाने बघतो तर दुसरा नर येऊन त्याच खुंटीवर बसलेला. तोही पाडला. पुन्हा तिसरा. सात दिवसांत असे आठ नर त्याने पाडले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. पोराने हे सगळे वहीत लिहून ठेवले. आज वाचताना आपल्याला त्या चिमण्यांची कीव येते. पण मारणारी पोरं तेव्हा गल्लोगल्ली होती. बघून लिहून ठेवणारा हा एकच निघाला. पुढे कितीतरी वर्षांनी ती नोंद छापली गेली आणि अभ्यासकांनी ती मोलाची मानली.

पिकत नव्हतं ते आयुष्य

मोठी माणसं पहिल्यापासून मोठीच असतात, असा आपला समज असतो. सलीम अलींचे तसे नव्हते. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेजात गणिताने दमवले, तेव्हा शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या खाण आणि लाकडाच्या धंद्यात हातभार लावायला ब्रह्मदेशात गेले. तिथे कामापेक्षा जंगलातली पाखरं बघण्यातच त्यांचे दिवस गेले. १९१७ साली परत आले, हिशेबाचे शिक्षण घेतले आणि जोडीने झेव्हियर कॉलेजात प्राणिशास्त्राचे धडे घेतले. १९१८ साली तहमिना बेगम यांच्याशी लग्न झाले. पुन्हा ब्रह्मदेश झाला, पण धंदा काही चालला नाही. खरिपाचं गेलं, रब्बीचंही गेलं, अशी गत.

नोकरीसाठी त्यांनी प्रयत्न केले. सरकारी प्राणी सर्वेक्षण खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा होती, पण त्यांच्याकडे रीतसर पदवी नव्हती म्हणून ती मिळाली नाही. आमच्यासारख्या पदविकावाल्यांना ही गोष्ट वाचताना धीर येतो. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) लोकांना माहिती सांगण्याची नोकरी लागली. तिथून रजा काढून ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात प्रा. एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. पक्षी नुसता मारून कपाटात ठेवायचा नसतो, तो जिवंतपणी काय करतो हे बघायचे असते, ही दृष्टी त्यांना तिथे पक्की मिळाली. १९३० साली परत आले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. चौतीसाव्या वर्षी हातात नोकरी नाही, पदवी नाही आणि घरी संसार.

किहीमची विहीर आणि सुगरणी

मुंबईत राहणे परवडेना म्हणून नवरा-बायको अलिबागजवळ किहीम गावी राहायला गेले. तिथे तहमिनाबाईंच्या माहेरचे घर होते. समोर समुद्र, भोवती माड आणि जवळच झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत. रिकामा माणूस दुसरे काय करणार? त्यांनी घरट्यांजवळ मचाण बांधले, कापडाचा आडोसा केला आणि पावसाळाभर रोज तासन्‌तास त्यात बसून राहिले.

सुगरणीची घरटी आपल्याला नवी नाहीत. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला, शिंदीला ती लोंबताना आपण लहानपणापासून बघतो. आपण तिला सुगरण म्हणतो, म्हणजे बाईमाणूस. सलीम अलींनी बसून बघितले तर विणणारा निघाला नर! तो घरटे अर्धे विणून थांबतो. मग माद्या घरटी बघायला येतात. आतून-बाहेरून तपासून पसंत पडले तरच मादी त्यात राहते. पसंत पडल्यावर नर खालची नळी पुरी करतो, मादी अंडी घालते आणि हा गडी शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो. एका नराच्या अशा दोन-तीन संसारांची गोष्ट त्यांनी नीट नोंदींसह मांडली, तेव्हा जगातल्या पक्षीतज्ज्ञांनी दखल घेतली. ना प्रयोगशाळा, ना पगार. एक मचाण, एक वही आणि जागेवरून न हलण्याची तयारी, एवढेच भांडवल.

आता आपल्या कामाची गोष्ट. सुगरण आणि चिमणी ही दोन्ही पाखरं दाणे खाणारी. पण त्यांची पिल्लं नुसत्या कोरड्या दाण्यावर जगत नाहीत. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मऊ आणि ताकदीचे खाणे लागते. म्हणजे अळ्या, नाकतोडे, लहान किडे आणि सुगरणीच्या बाबतीत दुधात आलेले कोवळे दाणे. मायबाप दिवसभर फेऱ्या मारून हे आणतात. म्हणून गच्चीवर तांदळाचा डबा टांगला तरी पाखरं टिकत नाहीत. डब्यातल्या दाण्याने मोठ्यांचे पोट भरते, पण परिसरात अळी-किडाच नसेल तर त्यांचे लेकरू उपाशी मरते. पाखरू बोलावणे म्हणजे त्याचे पूर्ण घर बसवणे.

बिनपगारी सर्वेक्षण

पगाराची नोकरी मिळत नाही म्हटल्यावर सलीम अलींनी वेगळीच युक्ती काढली. त्यांनी संस्थानांना कळवले, की तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी मी बिनपगारी करतो, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या. १९३१ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पाहणी सुरू झाली. त्या वेळी आपला जिल्हा वऱ्हाडात होता आणि देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणारच्या पलीकडे निजामाची हद्द सुरू व्हायची. पुढे त्रावणकोर-कोचीन आणि इतर संस्थानांचीही पाहणी झाली. तंबू, बैलगाडी, कंदील असा संसार घेऊन तहमिनाबाई त्यांच्यासोबत रानोमाळ राहिल्या. विलायतेत वाढलेली ही बाई, पण कधी कुरकुर केली नाही.

१९३२ साली त्यांनी फुलांवर येणाऱ्या पक्ष्यांविषयी एक निबंध लिहिला. पळस, पांगारा, काटेसावर यांची लाल-केशरी फुले फुलतात, तेव्हा त्यावर शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, कावळे सगळे गोळा होतात. फुलातला मध पिताना त्यांच्या डोक्याला परागकण लागतात आणि ते दुसऱ्या फुलावर जातात. म्हणजे झाड पाखरांना पोसते आणि पाखरू झाडाचे बीज धरवते. फाल्गुनात धुऱ्यावरच्या पळसाखाली अर्धा तास उभे राहा, हा निबंध तुम्हाला डोळ्यांनी वाचता येईल.

१९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तहमिनाबाई वारल्या. सलीम अली पार खचले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहिणीच्या घरी राहू लागले आणि उरलेले आयुष्य पाखरांच्या नावे लिहून दिले.

शेतकऱ्याचा मित्र की वैरी?

सलीम अली भाबडे पक्षीप्रेमी नव्हते, हे ध्यानात घ्या. पाखरांना दुखवू नका, पाप लागते, अशी शिकवण त्यांनी दिली नाही. त्यांचा प्रश्न शेतकऱ्यासारखा रोखठोक होता : हे पाखरू खाते काय? कोणत्या महिन्यात खाते? त्यातून पिकाचा तोटा किती आणि फायदा किती? १९३६ साली त्यांनी शेतीच्या दृष्टीने पक्ष्यांचा अभ्यास का करायला हवा, यावर लेख लिहिला. अंदाजाने एखाद्या पाखराला वैरी ठरवू नका आणि अंदाजाने मित्रही ठरवू नका, आधी त्याचे पोट तपासा, असा त्यांचा आग्रह.

पोपट ज्वारी, मका, सूर्यफूल आणि फळबागेचे मोठे नुकसान करतो, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. तिथे चमकी फीत लावा, राखण करा, त्यात काही गैर नाही. पण कोतवाल, वेडा राघू, नीळकंठ, साळुंकी, गायबगळा यांचे मुख्य खाणे म्हणजे किडे. वखरामागे चालणारे बगळे आणि साळुंक्या उघडी पडलेली हुमणी आणि कोष वेचतात. घुबड आपण अशुभ मानतो, पण ते रात्रभर उंदीर मारते. घुबडाला हाकलणारा शेतकरी आपल्याच कणगीचा राखणदार घालवतो. चिमणीचा हिशेब दोन्हीकडचा. सुगीत ती थोडे दाणे खाते, पण विणीच्या दिवसांत पिल्लांसाठी अळ्याच अळ्या नेते.

आज हरभऱ्यात पक्षी थांबे लावा असे आम्ही सांगतो, त्यामागे हाच हिशेब आहे. घाटे अळी दिसू लागली की एकरी वीसेक काठ्या इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकारात, पिकापेक्षा हात-दीड हात उंच रोवायच्या. कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून अळ्या टिपतात. खर्च शून्य, काठ्या तुमच्याच पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या. पेरतानाच हरभऱ्यात ज्वारीचे तुरळक दाणे टाकले तर ती ताटंच थांब्याचे काम करतात.

पुस्तके, मान आणि एक चूक

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे रंगीत चित्रांचे पुस्तक निघाले. साध्या माणसाला पाखरू ओळखता यावे अशी त्याची रचना. त्या पुस्तकाने देशात पक्षी बघणाऱ्यांची पिढी तयार केली. पुढे अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी भारत आणि शेजारच्या देशांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. फटफटीचा त्यांना भारी नाद. १९५० साली स्वीडनमधल्या पक्षीतज्ज्ञांच्या परिषदेला हा त्रेपन्न वर्षांचा गडी आपली मोटारसायकल घेऊन गेला होता.

१९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. पॉल गेटी यांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याची रक्कम त्यांनी निसर्ग रक्षणाच्या निधीला दिली. १९८५ साली राज्यसभेवर नेमणूक झाली. ज्या माणसाला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली गेली होती, त्याला विद्यापीठांनी बोलावून डॉक्टरेट दिल्या.

पण एक गोष्ट शेतकऱ्यांपासून लपवून ठेवणे बरे नाही. राजस्थानात भरतपूरला पाणपक्ष्यांचे मोठे अभयारण्य आहे. स्वातंत्र्यानंतर तिथले तळे आटवून शेती करावी अशी मागणी होती, तेव्हा सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवले. हे त्यांचे मोठे काम. पुढे १९८२ साली तिथे म्हशींची चराई बंद झाली. गुरे गेली की पक्ष्यांचे भले होईल, असे सलीम अलींसह तज्ज्ञांचे मत होते. गावकरी चिडले, गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. नंतर सलीम अलींच्याच संस्थेने वर्षानुवर्षे तिथे अभ्यास केला, तेव्हा उलटेच दिसले. म्हशी नसल्याने पाण्यात गवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि कित्येक पक्ष्यांची अडचण झाली. म्हशींचे चरणे पक्ष्यांना उपयोगी होते.

हे सांगतो ते त्यांना लहान करायला नाही. बसून बघितल्याशिवाय मत बनवू नये, ही त्यांनीच घालून दिलेली रीत. घाईने बनवलेले मत मोठ्या माणसाचेही चुकते आणि त्याची किंमत गरीब माणूस मोजतो. तसेच त्यांनी घडवलेली संस्था स्वतःच्या गुरूच्या मताविरुद्धचा निष्कर्ष छापते, हेही थोडे नाही. आपल्यासाठी त्यातला धडा असा, की आपली गुरे, आपली शेती, आपले अंगण आणि पाखरू हे एकमेकांत गुंतलेले आहे. माणूस हटवून पाखरू वाचतेच असे नाही. माणसाने नीट वागले तर दोघांचेही भागते.

२० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी डॉ. सलीम अली मुंबईत वारले. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे छत्रपती संभाजीनगर शहरातल्या एका तलावाला त्यांचे नाव आहे. २०२० सालापासून आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींची जयंती. त्याच २०२० साली आपल्या लोणार सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, म्हणजे रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

आता आपल्या अंगणाकडे या

लोणारला आणि ज्ञानगंगेच्या जंगलात पाखरं आहेतच. प्रश्न आपल्या घरच्या दोन-चार गुंठ्यांचा आहे. किहीमच्या मचाणावर जे कळले, ते इथे कामाला लावू.

पाणी आधी. मार्च ते जूनपर्यंत आपल्याकडे दाण्यापेक्षा पाण्याची टंचाई मोठी. मातीचे पसरट परळ घ्या, पाणी दोन बोटे खोल ठेवा, मधे एक-दोन दगड टाका म्हणजे लहान पाखरू बुडणार नाही. सावलीत ठेवा. रोज पाणी बदला आणि परळ घासा, नाहीतर रोगराई पसरते. जवळ बसायला फांदी असावी, पण मांजर दबा धरेल असे झुडूप अगदी लगत नको.

दाणे बेताने. ज्वारी, बाजरी, तांदळाची चुरी रोज एकाच वेळी मूठभर टाका. दिवस मावळेपर्यंत संपेल एवढेच, उरले तर उंदरांना आमंत्रण. ज्वारीची कणसं ओसरीला टांगायची जुनी रीत सर्वांत चांगली. त्यासाठी धुऱ्याकडेने दोन तास ज्वारी पेरायला काय हरकत आहे? बुरशी लागलेले धान्य, शिळे तेलकट, खारट फरसाण पाखरांना घालू नका. पाव-बिस्किटाने पोट भरते पण अंगी लागत नाही.

विषाची काळजी. हे सगळ्यात महत्त्वाचे. औषध लावलेले, रंगीत केलेले बियाणे पेरून उरले तर ते अंगणात किंवा उकिरड्यावर टाकू नका. पेरताना कोपऱ्याला सांडले तर मातीआड करा. एवढ्याशा दाण्यांनी पाखरं मरतात. उंदरांचे विषारी आमिष उघड्यावर ठेवू नका, मेलेले उंदीर पुरून टाका, नाहीतर ते खाऊन घुबड मरते. अंगणातल्या भाजीपाल्यावर कीटकनाशक मारूच नका, हाताने अळी वेचा. हरभऱ्यात ओळीच्या एका मीटरला एक-दोन अळ्या दिसल्याशिवाय रासायनिक फवारणी नको. फुलोऱ्यात पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची. फवारलेल्या अळ्या चिमणी पिल्लांच्या चोचीत घालते, हे लक्षात असू द्या.

किड्यांना जागा. सगळ्या अंगणाला फरशी लावू नका. हात-दोन हात माती मोकळी ठेवा. चिमण्या त्यात धुळीची आंघोळ करतात. कोपऱ्यात पालापाचोळा, शेणखताचा उकिरडा असू द्या. पिल्लांचा खाऊ तिथेच तयार होतो.

झाडं आपलीच लावा. शेवगा आणि जास्वंद लावली की शिंजीर आलाच. लिंबू आणि मेंदीच्या दाटीत बुलबुल घरटे करतो. मोठ्या पानांचे झुडूप असले तर शिंपी पाने शिवून घर थाटतो. पेरू-पपईची दोन फळे झाडावर राहू द्या. जागा असेल तर कडुनिंब, धुऱ्यावर उंबर, बोर, पळस आणि पांगारा. धुऱ्यावरचे जुने ढोलीचे झाड सरपणासाठी तोडण्याआधी दोनदा विचार करा. रानचिमणी, पिंगळा, सगळ्यांचे ते घर आहे.

घरट्याची सोय. स्लॅबच्या घरात चिमणीला भोक नाही. लाकडी खोका किंवा जुने मडके घ्या, दीड इंचाचे भोक ठेवा. ओसरीत आठ-दहा फूट उंच, ऊन-पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी पक्के बांधा. पंख्याच्या खोलीत नको. एकदा बांधला की रोज उघडून बघू नका. पहिल्या वर्षी कोणी आले नाही तर काढून टाकू नका.

देशभराच्या नोंदी एकत्र करून २०२० साली अभ्यासकांनी अहवाल काढला. त्यात मोठ्या शहरांमधून चिमणी कमी झाल्याचे, पण एकूण देशात ती बरीचशी टिकून असल्याचे दिसले. म्हणजे तिचा आधार आता खेड्यांवर आहे. तो आधार तुटू द्यायचा की नाही, हे तुमच्या-माझ्या अंगणात ठरणार.

सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षक मंडळींना एक विनंती. पक्षी सप्ताहात हार-भाषणं कमी करा. शाळेतल्या पोरांना एक-एक वही द्या आणि अंगणात पंधरा मिनिटे गप बसवा. कोणते पाखरू आले, काय खाल्ले, कुठे गेले एवढेच लिहू द्या. ग्रामपंचायतीच्या हातपंपाजवळ सांडपाण्याचे एक उथळ टाके बांधा, त्याला खर्च फार नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, तुम्ही पण करून बघा. उद्या सकाळी चहाचा कप घेऊन ओसरीत बसा. दाण्यांवर आलेली चिमणी दाणा खाऊन तिथेच थांबते, की चोचीत अळी धरून कुठेतरी जाते, ते बघा. अळी घेऊन गेली तर समजा तुमच्या अंगणात कुणाचा तरी संसार चालू आहे. तारीख टाकून तेवढं लिहून ठेवा. खेतवाडीतल्या त्या पोराने सुरुवात एवढीच केली होती.